दाराबाहेर काढलेला माणूस: मनोगतिकी दृष्टिकोन समजून घेताना

मराठीत आपण ‘मला राग आला’ असं म्हणतो. भीती वाटते, आठवण येते, रडू फुटतं, हसू आवरत नाही, नको ते तोंडातून निघून जातं. या वाक्यांत ‘मी’ काही करत नाही. राग कुठूनतरी येतो आणि माझ्याकडे पोचतो, एवढंच. ‘माझ्या हातून होऊन गेलं’ हे तर आपण दिवसातून दोनदा म्हणतो. हातून होऊन गेलं, मग केलं कोणी?

मानसशास्त्रातला मनोगतिकी दृष्टिकोन, म्हणजेच सायकोडायनॅमिक विचार, या प्रश्नापासून सुरू होतो. मी गेली अठरा वर्षं पदवीच्या मुलांना मानसशास्त्र शिकवते. दर वर्षी हा धडा आला की मागच्या बाकांवर या विचाराचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्या नावाने खुसखुस सुरू होते आणि पुढच्या बाकांवर इदम्, अहम्, पराहम् यांच्या व्याख्या पाठ व्हायला लागतात. ही खुसखुस आणि पाठांतर यांत मूळ विचार निसटून जातो. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण घरातली माणसं आणि आपण स्वतः कधी कधी असे का वागतो, हे समजून घ्यायला या विचाराइतका उपयोग मला दुसऱ्या कुठल्या धड्याचा झालेला नाही.

आधी त्या तीन शब्दांचं बघू. फ्रॉइडने १९२३ साली हे शब्द मांडले तेव्हा ते अगदी रोजच्या वापरातले जर्मन शब्द होते. शब्दशः सांगायचं तर ‘ते’, ‘मी’ आणि ‘वरचा मी’. इंग्रजी भाषांतरात त्यांना लॅटिन कपडे चढवले गेले आणि इड, इगो, सुपरइगो असं काहीतरी शरीरातल्या अवयवांसारखं तयार झालं. मराठी पाठ्यपुस्तकं संस्कृतकडे गेली. खरं तर संस्कृत शब्द मूळ जर्मनला जास्त धरून आहेत. इदम् म्हणजे ‘हे’, अहम् म्हणजे सरळ ‘मी’. अडचण अशी की मराठी कानाला अहम् म्हटलं की अहंकार ऐकू येतो. ‘त्याचा इगो दुखावला’ यातला इगो म्हणजे गर्व. फ्रॉइडच्या अहम्‌चा गर्वाशी काही संबंध नाही. घरात सासू, सून, मुलं आणि दारात आलेला दूधवाला या सगळ्यांचं एकाच वेळी बघणारी बाई असते ना, तसं त्याचं काम. आतून ‘ते’ म्हणतं आत्ता हवं. वरून ‘वरचा मी’ म्हणतो शोभत नाही. बाहेरचं जग म्हणतं परवडत नाही. या तिघांचं भागवता भागवता जो दमतो तो अहम्. फ्रॉइडने त्याला घोडेस्वाराची उपमा दिली आणि पुढे लिहिलं की पुष्कळदा घोड्याला जिकडे जायचं असतं तिकडेच स्वार त्याला घेऊन जातो, जणू तशी स्वाराचीच इच्छा होती.

मेंदू उघडून बघितला तर हे तिघे कुठे सापडणार नाहीत. मनात ओढाताण कशी चालते ते सांगायच्या या तीन बाजू आहेत. विद्यार्थ्यांनी एवढं एक लक्षात ठेवलं तर मी व्याख्येचे गुण सोडून द्यायला तयार आहे.

व्हिएन्नातला पाण्याचा पेला

गोष्ट सुरू होते फ्रॉइडच्याही आधी. डिसेंबर १८८० मध्ये व्हिएन्नातले नावाजलेले डॉक्टर योसेफ ब्रॉयर एका एकवीस वर्षांच्या मुलीवर उपचार करू लागले. तिचं नाव बर्था पापेनहाइम. वडील अंथरुणाला खिळलेले आणि ही रात्र रात्र उशाशी बसून त्यांची शुश्रूषा करायची. हळूहळू तिचे उजवे हातपाय लुळे पडले, नजर बिघडली. पुढे तर मायबोली जर्मन बोलता येईना, फक्त इंग्रजी येई. शरीरात तपासून काही सापडत नव्हतं.

ऐन उन्हाळ्यात तिचं पाणी पिणं बंद झालं. तहानेने जीव कासावीस, पेला हातात घ्यायची आणि ओठाला लागला की ढकलून द्यायची. सहाएक आठवडे तिने रसदार फळांवर काढले. मग एकदा संमोहनात असताना ती आपल्या इंग्रज सोबतिणीबद्दल बोलू लागली. म्हणाली, त्या बाईच्या खोलीत गेले तर तिचा कुत्रा पेल्यातून पाणी पीत होता. भयंकर किळस आली, पण वाईट दिसेल म्हणून काही बोलले नाही. हे सांगताना तिचा कोंडलेला सगळा संताप बाहेर आला. मग तिने पाणी मागितलं, पोटभर प्याली आणि जागी झाली तेव्हा पेला ओठांनाच होता.

या उपचाराला नावही तिनेच दिलं, इंग्रजीत: ‘टॉकिंग क्युअर’, बोलून बरं होणं. कधी ती त्याला धुराडं साफ करणं असंही म्हणे. चूल पेटवून पेटवून भिंती काळ्या झालेलं स्वयंपाकघर ज्याने बघितलंय त्याला ही उपमा वेगळी समजावून सांगायला नको.

फ्रॉइडने तिच्यावर कधी उपचार केले नाहीत. ब्रॉयरकडून त्याने ही हकीकत ऐकली आणि १८९५ साली दोघांनी मिळून ‘अ‍ॅना ओ.’ या टोपणनावाने ती प्रसिद्ध केली. ती वाचून वाटतं की बर्था पूर्ण बरी झाली. तसं नव्हतं. उपचार संपल्यावर १८८२ मध्येच तिला स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइट्सलिंगेनच्या आरोग्यगृहात ठेवावं लागलं, मॉर्फिनची सवय लागली होती, पुढची काही वर्षंही तब्येत वरखाली होत राहिली. हे लपवून हा विषय शिकवणं मला पटत नाही. पण तिची कहाणी तिथेही थांबत नाही. ती फ्रँकफर्टला गेली, १९०४ साली जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली, १९०७ मध्ये नोय-इसेनबुर्गला निराधार मुली आणि कुमारी मातांसाठी घर काढलं आणि १९३६ साली वारली. १९५४ साली पश्चिम जर्मनीने तिच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. अ‍ॅना ओ. म्हणजे हीच बाई, हे जगाला त्याच्या जेमतेम वर्षभर आधी कळलं होतं. ती रुग्ण म्हणून प्रसिद्ध झाली, पण आयुष्यभर कामाची माणूस होती. वर्गात मी तिचं खरं नाव आवर्जून घेते.

गडबड करणारा माणूस

सप्टेंबर १९०९ मध्ये फ्रॉइड अमेरिकेत वूस्टरच्या क्लार्क विद्यापीठात गेला आणि तिथे पाच व्याख्यानं दिली. दमन म्हणजे काय हे सांगताना त्याने श्रोत्यांना म्हटलं, समजा या सभागृहात एक जण मोठ्याने हसतोय, बडबडतोय, पाय आपटतोय. मला बोलता येईना. तेव्हा तुमच्यातले चार दणकट लोक उठले आणि त्याला धरून बाहेर काढून आले. तो परत येऊ नये म्हणून खुर्च्या दाराला लावून बसले. हे झालं दमन: नको असलेली गोष्ट जाणिवेबाहेर ढकलणं. पण तो बाहेर काढलेला माणूस गप्प बसेल का? तो दारावर बुक्के मारेल, ओरडेल. आतल्या व्याख्यानाला आधीपेक्षा जास्त त्रास. शेवटी विद्यापीठाच्या अध्यक्षांनीच बाहेर जाऊन त्याच्याशी बोलावं, नीट वागशील तर आत ये म्हणावं, तेव्हा कुठे शांतता.

मनोगतिकी या शब्दातली ‘गती’ ती हीच. फ्रॉइड मुळात प्रयोगशाळेतला माणूस. तरुणपणी सहा वर्षं त्याने व्हिएन्नात एर्न्स्ट ब्र्यूक या शरीरशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केलं. तिथे शिकवण अशी की सजीवाच्या आतही बलांचीच रेटारेटी असते, वेगळी कुठली दैवी शक्ती नसते. तीच नजर त्याने मनाकडे वळवली. पाठ्यपुस्तकांत नेणिवेसाठी, म्हणजे मनाच्या आपल्याला न कळणाऱ्या भागासाठी, हिमनगाचं चित्र असतं: वर थोडं, पाण्याखाली पुष्कळ. ते चित्र मला अपुरं वाटतं. हिमनग नुसता पडून असतो. फ्रॉइडची नेणीव दार ठोठावत असते आणि दार धरून बसलेल्या लोकांचे हात दुखत असतात. आपण बरेचदा काहीच न करता दमतो, ते याच हातांमुळे.

आता एक जवळून पाहिलेलं. बाबा २०११ साली गेले. आई रडली नाही. कोणाची गाडी कधी पोचते, कोणाला मधुमेहाचा चहा, कोणाला पाठीखाली गादी, तेराव्याला किती पानं, सगळं तिने बघितलं. आलेले लोक म्हणत, किती खंबीर. अकरा महिन्यांनी आम्ही बाबांची बजाज चेतक काढून टाकायचं ठरवलं. भंगारवाला आला, पैसे ठरले. स्कूटर सुरू होत नव्हती म्हणून त्याच्या पोराने ती पेट्रोल खाली करण्यासाठी डावीकडे कलती केली. बाबा थंडीत रोज सकाळी किक मारण्याआधी तशीच कलती करायचे. आईच्या हातातली तांदळाची परात खाली पडली आणि ती दारातच बसली. संध्याकाळपर्यंत रडत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, अहो, एका जुन्या गाडीसाठी एवढं काय?

ते गाडीसाठी नव्हतंच. वर्षभर दाराबाहेर ठेवलेलं दुःख त्या एका कलतेपणातून आत आलं. मी आईला तेव्हा कुठलीही संज्ञा सांगितली नाही, तांदूळ गोळा केले.

इथे एक फरक नीट करायला हवा. मनात जे जे नकळत चालतं ते सगळं दडपलेलं असतं असं नाही. १९११ साली जिनिव्हाचा मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद याने एक प्रयोग नोंदवला. त्याच्याकडे स्मरणशक्ती गेलेली एक बाई होती, नवी कुठलीच गोष्ट तिला लक्षात राहत नसे. त्याने हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. काही वेळाने पुन्हा हात पुढे केला तेव्हा तिने झटकन आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. आठवण नाही, पण हाताला ठाऊक. अशी नेणीव आज सगळेच मानसशास्त्रज्ञ मानतात. फ्रॉइडचं म्हणणं याच्या एक पाऊल पुढे आहे. तो म्हणतो की काही गोष्टी आपण नेणिवेत ढकलतो, कारण त्या सोसवत नाहीत. वाद आहे तो या ढकलण्याबद्दल.

म्हणींना आधीच ठाऊक होतं

दारावरचा माणूस सरळ आत येऊ शकत नाही, मग तो वेष बदलतो. हे वेषांतर म्हणजे संरक्षण यंत्रणा. तिची नीट मांडणी फ्रॉइडच्या धाकट्या मुलीने, आना फ्रॉइडने, १९३६ साली केली. पाठ्यपुस्तकात ती लांबलचक यादी असते. मी वर्गात यादी फळ्यावर लिहितच नाही, म्हणी विचारते. वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणजे विस्थापन: राग एकावर, निघतो दुसऱ्यावर, आणि हा दुसरा नेहमी आपल्यापेक्षा दुबळा असतो, हे त्यातलं दुखणारं सत्य. कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणजे न मिळालेल्या गोष्टीचं सोयीचं समर्थन. प्रक्षेपणाला चपखल म्हण शोधताना वर्गात दर वर्षी भांडण होतं. कोणी ‘चोराच्या मनात चांदणं’ म्हणतं. पण चोराला निदान आपली चोरी ठाऊक असते. प्रक्षेपणात चोरी स्वतःला माहीत नसते, ती समोरच्याच्या खिशात दिसते. ज्याला स्वतःच्या मनातली नाराजी कबूल करवत नाही, त्याला सगळं ऑफिस आपल्यावर खार खाऊन आहे असं वाटायला लागतं.

सगळ्यात फसवी मला वाटते ती उलट टोकाची प्रतिक्रिया. नको असलेल्या पाहुण्याला आपण चार वेळा आग्रह करतो, ताटात जिलबी वाढतच राहतो. त्या आग्रहात एक कडकपणा असतो, प्रेमाच्या आग्रहात तो नसतो. पाहुण्यालाही तो जाणवतो.

या यंत्रणा म्हणजे दोष असं समजायचं कारण नाही. त्यांच्याशिवाय कोणाचाच दिवस निभणार नाही. प्रश्न एवढाच की कुठल्या वापरतो आणि किती ताठरपणे. हार्वर्डमध्ये १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांचा आयुष्यभर मागोवा घेणारा अभ्यास सुरू झाला. पुढे जॉर्ज व्हॅलंट या मनोविकारतज्ज्ञाने त्याची सूत्रं हाती घेतली आणि या माणसांच्या संरक्षण यंत्रणाच तपासल्या. सगळा दोष दुसऱ्यावर टाकणं किंवा घडलेलं सरळ नाकारणं, या कच्च्या यंत्रणा. दुःखातून काही घडवणं, विनोद, दुसऱ्याच्या उपयोगी पडणं, ‘याचा विचार उद्या करीन’ असं जाणूनबुजून ठरवणं, या पिकलेल्या. मध्यमवयात पिकलेल्या यंत्रणा वापरणाऱ्यांचे नातेसंबंध आणि कामकाज बरं चाललेलं दिसलं. हे सगळे अमेरिकेतले सुस्थितीतले पुरुष होते, म्हणून निष्कर्ष सगळ्या जगाला लावता येत नाहीत. तरी मनोगतिकी कल्पना मोजता येते हे त्यातून दिसलं.

स्वप्नांबद्दल थोडक्यात. मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं आपण म्हणतो. फ्रॉइडचं १९०० सालचं स्वप्नांवरचं पुस्तक लहान मुलांपुरतं अगदी हेच सांगतं. आना एकोणीस महिन्यांची असताना उलट्या झाल्या म्हणून तिला दिवसभर उपाशी ठेवलं होतं, तर रात्री झोपेत ती स्वतःचं नाव घेऊन स्ट्रॉबेरी, ऑम्लेट, पुडिंग असं बडबडली. मोठ्यांचं मात्र तसं नाही, असं तो म्हणतो. मोठ्यांच्या मनी वसतं एक आणि स्वप्नी दिसतं त्याचं सोंग. आजचं झोपेचं विज्ञान स्वप्नाकडे इतर अंगांनीही बघतं आणि प्रत्येक स्वप्नामागे इच्छाच असते, हे मलाही पटत नाही. जिभेच्या घसरण्याचंही तसंच. संसदेचं कामकाज सुरू करताना अध्यक्ष ‘सभा संपली असं जाहीर करतो’ म्हणून बसले, हे फ्रॉइडने दिलेलं उदाहरण बोलकं आहे. पण पुष्कळदा जीभ नुसती दमलेली असते.

लहानपण, आणि वहाणांचा आवाज

व्यक्तिमत्त्व घडतं ते लहानपणी, हे या दृष्टिकोनाचं सगळ्यात ठाम म्हणणं. फ्रॉइडने त्याच्या पायऱ्या आखल्या: मुखावस्था, गुदावस्था वगैरे. त्या परीक्षेला येतात, पण आज त्या शब्दशः धरून चालणारे फार थोडे. ईडिपस गंडाबद्दलही, म्हणजे मुलाला आईची ओढ आणि वडिलांशी चढाओढ वाटते या कल्पनेबद्दलही, तसंच म्हणता येईल. टिकलं ते वेगळंच. पुढच्या पिढीने, मेलनी क्लाइन, डोनल्ड विनिकॉट, जॉन बोल्बी यांनी, इच्छांपेक्षा नात्यांकडे लक्ष वळवलं. बाळाला दूध हवं असतं, पण त्याहून जास्त हवं असतं कोणीतरी असणं.

विनिकॉट मुळात बालरोगतज्ज्ञ. मुलं एखादं फडकं, एखादं मऊ खेळणं कधीच का सोडत नाहीत, याकडे त्याने बारकाईने पाहिलं. ते फडकं म्हणजे आई नव्हे आणि आई नसलेलंही नव्हे, दोन्हींच्या मधली ती जागा असते, असं त्याने १९५१ साली मांडलं. आपल्याकडे आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी असते. मूल तिचं एकच टोक तोंडाशी धरून झोपतं आणि ती धुतली तर वास गेला म्हणून रडतं. विनिकॉटचंही तेच म्हणणं होतं, धुवायची घाई करू नका. परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई पुरते, हेही त्याचंच. कितीतरी तरुण आयांना मी हे वाक्य सांगितलंय आणि त्यांचे खांदे खाली येताना बघितलेत.

या सुरुवातीच्या नात्यांचे ठसे आपण पुढच्या माणसांवर उमटवत जातो. याला स्थानांतरण म्हणतात. ते मला पुस्तकातून कळलं, पण समजलं एका व्हरांड्यात.

बाबा कोल्हापुरी वहाणा घालायचे. जिन्यावर त्या करकरल्या की मी भूगोलाच्या पुस्तकाखाली ठेवलेली रहस्यकथा गादीखाली सरकवायचे. अभ्यास सोडून गोष्टी वाचलेलं त्यांना चालत नसे. चौतिसाव्या वर्षी मी नोकरीवर होते आणि आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुखांनाही करकरणाऱ्या वहाणांची आवड होती. एका दुपारी मी स्टाफरूममध्ये वाचत बसले होते. व्हरांड्यात करकर ऐकू आली आणि माझ्या हाताने पुस्तक हजेरीपटाखाली सरकवलं. ते पुस्तक मानसशास्त्राचं होतं, दुसऱ्या तासाला तेच शिकवायचं होतं. ते वाचण्याचाच मला पगार मिळत होता. सर आत आले, हसून चहा घेणार का विचारलं. बिचाऱ्यांनी मला कधी एक शब्द वावगा बोलला नव्हता. तरी चार वर्षं मी त्यांच्यासमोर रजा मागायला घाबरत होते. त्या दुपारी मला कळलं की रजेचा अर्ज मी कोणाकडे नेत होते.

हे प्रयोगशाळेतही तपासलं गेलंय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन अँडरसन यांनी १९९० च्या दशकात लोकांकडून आयुष्यातल्या जवळच्या माणसाचं वर्णन वाक्यांत लिहून घेतलं. काही काळाने त्यांना एका अनोळखी व्यक्तीची माहिती वाचायला दिली, तिच्यात त्या जवळच्या माणसाच्या थोड्या खुणा मिसळलेल्या होत्या. नंतर विचारलं तेव्हा लोकांना त्या अनोळखी व्यक्तीबद्दल न वाचलेल्या गोष्टीही ‘आठवल्या’. त्या गोष्टी जवळच्या माणसाच्या होत्या. जुन्या माणसाचा साचा नव्यावर बसला होता.

जिथे तो चुकला

मला फ्रॉइडचा मनापासून राग येतो तो ‘डोरा’च्या बाबतीत. इडा बाउअर हे तिचं खरं नाव. १९०० च्या शरदात अठरा वर्षांची ही मुलगी वडिलांनी त्याच्याकडे आणली. वडिलांच्या ओळखीच्या एका विवाहित गृहस्थाने तिला लहान असताना एकटं गाठून चुंबन घेतलं होतं, पुढेही तिच्या मागे लागला होता. वडिलांचे त्याच गृहस्थाच्या बायकोशी संबंध होते. घरचे म्हणत, ही कल्पना रचते. फ्रॉइडने तिच्यावर विश्वास ठेवला, हे त्याचं श्रेय. पण मग तो तिला सांगत राहिला की तुला आलेली किळस म्हणजे दडपलेलं आकर्षण. अकरा आठवड्यांनी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, तिने उपचार सोडले. ती बरोबर होती. समोरची व्यक्ती ‘नाही’ म्हणते याचा अर्थ ‘हो’ असा लावण्याचं शास्त्र झालं की ते धोक्याचं असतं. स्त्रियांबद्दलच्या त्याच्या कल्पनांना पुढे कारेन होर्नाय या त्याच परंपरेतल्या विश्लेषक बाईने आव्हान दिलं. फ्रॉइड जे स्त्रीच्या शरीरात शोधतो त्याचं मूळ समाजाने पुरुषाला दिलेल्या जागेत आहे, असं तिने दाखवून दिलं.

विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याचा आक्षेप वेगळा आणि फार नेमका. एक माणूस मुलाला बुडवायला पाण्यात ढकलतो, दुसरा मुलाला वाचवायला जीव धोक्यात घालतो. फ्रॉइडचा सिद्धांत दोन्ही सारख्याच सहजपणे समजावून देतो: पहिल्यात दमन, दुसऱ्यात उदात्तीकरण, म्हणजे आतली ओढ चांगल्या कामाकडे वळवणं. जे काहीही घडलं तरी खरंच ठरतं, ते चूक ठरणार कधी? या आक्षेपाला पूर्ण उत्तर मिळालेलं नाही. म्हणून व्हॅलंट किंवा अँडरसन यांच्यासारखं चूक ठरू शकेल असं काम मला मोलाचं वाटतं.

आणि सगळी माणसं व्हिएन्नातल्या मध्यमवर्गीय घरांसारखी नसतात, हे फ्रॉइडला पहिल्यांदा पत्राने कळवणाऱ्यांत आपल्याकडचा एक डॉक्टर होता. कोलकात्याचे गिरींद्रशेखर बोस. त्यांनी दमनावरचा आपला प्रबंध १९२१ साली फ्रॉइडला पाठवला, १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली आणि पुढे अनेक वर्षं पत्रव्यवहार ठेवला. बोस यांनी कळवलं की त्यांच्या भारतीय पुरुष रुग्णांत वडिलांकडून शिक्षेची भीती युरोपातल्याइतकी ठळक दिसत नाही आणि स्त्री होण्याची इच्छा बरीच उघडपणे दिसते. त्यांचा स्वतःचा सिद्धांतही होता: प्रत्येक इच्छेबरोबर तिची उलट इच्छाही मनात असते. फ्रॉइडने त्यातलं फारसं स्वीकारलं नाही. पण बोस यांनी १९३१ साली पाठवलेली विष्णूची हस्तिदंती मूर्ती त्याने आपल्या लिहिण्याच्या टेबलावर ठेवली. नाझींमुळे १९३८ साली व्हिएन्ना सोडून लंडनला जावं लागलं तेव्हा त्याचा पुराणवस्तूंचा संग्रहही मागोमाग तिथे पोचला.

आज त्या खोलीत काय होतं

फ्रॉइडच्या पद्धतीत रुग्ण पलंगावर आडवा, डॉक्टर डोक्यामागे, आठवड्यातून पाच-सहा दिवस. आजची मनोगतिकी उपचारपद्धती बहुतेक ठिकाणी समोरासमोर खुर्चीवर, आठवड्यातून एक-दोनदा, साधारण पन्नास मिनिटं. जे मनात येईल ते निवडून न घेता बोलायचं, हा मूळ नियम मात्र तोच. तो वाटतो तितका सोपा नाही. दोन मिनिटं करून पाहा, ‘हे काय सांगायचं’ असं म्हणणारा द्वारपाल लगेच भेटेल.

उपचार करणारा सल्ला फार कमी देतो. तो बघतो की तुम्ही कशावरून झटकन पुढे गेलात, कुठे हसलात, कधी उशिरा आलात, आणि मुख्य म्हणजे त्याच्याशी कसं वागता आहात. कारण तुमच्या वहाणांचा आवाज त्या खोलीतही येणारच. तिथे तो येतो तेव्हा त्याच क्षणी त्याबद्दल बोलता येतं. आयुष्यात इतरत्र ही सोय नसते. मानसशास्त्रज्ञ जोनाथन शेडलर यांनी २०१० साली या उपचारांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. परिणाम इतर मान्यताप्राप्त उपचारांच्या तोडीचा दिसला आणि उपचार संपल्यावरही सुधारणा चालू राहिल्याचं अनेक अभ्यासांत आढळलं. त्यावर टीका झाली, वाद अजून चालू आहे. प्रत्येक त्रासाला ही वाट नाही, हेही सांगायला हवं. उंचीची किंवा पालीची भीती असेल तर टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा वर्तनोपचार लवकर गुण देतो. तीव्र मनोविकारात औषधं आधी. पण ‘दर वेळी मी अशाच माणसापाशी जाऊन का अडकते’ हा प्रश्न घेऊन कोणी येतं, तेव्हा ही खोली उपयोगी पडते.

या खोलीतली एक गोष्ट उपचार करणारे सगळेच ओळखतात. पन्नास मिनिटं माणूस प्रमोशन, पाऊस, भावाच्या घराचं कर्ज याबद्दल बोलतो. वेळ संपते, तो उठतो, पिशवी उचलतो, चपला पायात सरकवतो. आणि हात कडीवर ठेवून, पाठमोरा, जाता जाता म्हणतो, “हां, एक सांगायचं राहिलं.” जे राहिलेलं असतं त्याच्यासाठीच तो इतके आठवडे येत असतो. समोरचा घड्याळाकडे बघत नाही, आणि वेळही वाढवत नाही. म्हणतो, “पुढच्या मंगळवारी इथूनच सुरू करू.”